पाठ फिरवून बसलेला माणूस

रामकलीवर अन्याय झाला तो माघी पौर्णिमेच्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता, प्रयागच्या कुंभमेळ्यात, हरवलेल्या माणसांच्या एका तंबूत. तिला नाव विचारलं, तिनं सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं आणि ती गप्प झाली. तेवढ्यावरून तिला वेडी ठरवलं आणि नऊ दिवस एका खोलीत ठेवलं.

अशी सुरुवात करायला मला मुळेकाकांनी शिकवलं. ते चैत्रात गेले. आता हे लिहून लाल पेन्सिलीसाठी पुढे करायला कुणी नाही, म्हणून चुका माझ्या.

माझी पत्रकं हिंदीत असतात. झाशीत मराठी वाचणार कोण? आमचं घराणं पेशव्यांच्या वेळेपासून इथलं, घरात अजून लुगडं, पोलकं, तस्त असे शब्द चालतात, पण माझ्या धाकट्या भावाला मराठीतल्या फक्त शिव्या कळतात. हे मात्र मराठीत लिहिते आहे. मुळेकाका साऱ्या जगाशी हिंदीत बोलत, पण रागवायचे मराठीतच.

पहिल्यांदा रागावले ते पाण्यावरून. प्रेम नगरात आमच्या गल्लीत चार दिवस नळ कोरडे होते. मी पत्रक काढलं : ‘घोर अन्याय! जनता का आक्रोश!’ शेजारी म्हणून पहिली प्रत काकांना दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“जनता कोण?”

“सगळेच, काका.”

“‘सगळे’ असं कुणाचं नाव नसतं, रेवती. कुणावर, कुठल्या दिवशी, किती वाजता? ते लिही. विशेषणं रद्दीत टाक.” आणि माझं ‘घोर’ त्यांनी लाल पेन्सिलीनं खोडलं.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक नव्यानं छापलं. ‘समोरच्या गुड्डी भाभींच्या घरी सोमवारी पहाटे साडेपाचपासून पाणी नाही. घरात बाळंतीण आहे.’ दुपारी टँकर आला. काका गच्चीवरून नुसते बघत होते. शाबासकी वगैरे नाही.

ते मूळचे सांगलीकडचे. विशीत झाशीबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि सगळी नोकरी स्टोअरमध्ये केली. काम एकच. आलेल्या प्रत्येक मालाला पत्र्याचा बिल्ला लावायचा. बिल्ले दोन असत. एक मालावर, आणि तसाच दुसरा स्टोअरमधल्या तारेत ओवलेला. “बिल्ला पडला की चांगला माल भंगारात जातो,” ते सांगत. “मालात खोट नसते. कुणाचा ते कळत नाही, एवढंच.”

निवृत्तीनंतर पत्रा सुटला, कापड आलं. छत्री, थर्मास, मफलर, चष्म्याचं घर, सगळ्याला मांजरपाटाची पट्टी : व. मुळे, प्रेम नगर, झाशी. शर्टाला आणि स्वेटरला ती कॉलरीत आतून शिवलेली. मालूकाकू होत्या तेव्हा चिडवायच्या, “मलापण लावा की एक.”

“तू कशाला हरवशील?”

“तुम्हाला कंटाळून.”

पट्टीवर अक्षरं बिब्ब्याची. धोबी कपड्यांवर खूण करतात तोच बिब्बा. बॉलपेन पाण्यात जातं, बिब्बा जात नाही, असं त्यांचं म्हणणं. तो त्यांच्या बोटांना उतायचा, फोड यायचे. खोबरेल लावून पुन्हा लिहायला बसायचे.

दर पौषात, प्रयागच्या दरवर्षीच्या माघमेळ्याला जाणाऱ्या बायकांची लगबग सुरू झाली की काका सीपरी बाज़ारात एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकत. झाशीच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका येत. काका त्यांच्या लुगड्याला नाव-गाव-फोनची पट्टी शिवून देत. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या दिवसांत, एका मेळ्यानंतर, स्टेशनच्या फलाटावर एक म्हातारी बसलेली त्यांना दिसली. कुणी विचारलं तर म्हणायची, छोटे की अम्मा. गाव विचारलं तर म्हणायची, नदी के पल्ले पार. काका रोज ड्यूटीवर जाताना तिला चहा देत. तीन दिवस दिला. चौथ्या दिवशी ती तिथे नव्हती. “पोचली असेल,” मी म्हटलं. काका म्हणाले, “कुठे?”

पहिल्या वर्षी, पहिल्या दिवशी ते रस्त्याकडे तोंड करून बसले. बाई पुढे येई, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढी आणि गप्प. बरोबरचा दीर नाहीतर पुतण्या म्हणे, “लिख दो बाबूजी, रमेश की अम्मा.”

“रमेश खो जाएगा क्या?”

“नहीं, अम्मा.”

“तो अम्मा का नाम बताओ.”

पुतण्याला ते माहीत नसे! तीस वर्षांचा घोडा, जिच्या हातचं खाऊन वाढला तिचं नाव त्याला माहीत नाही. हे मी स्वतः पाहिलं आहे, एकदा नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्टूल फिरवलं. रस्त्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. मग बायका बोलायला लागल्या. परपुरुषाच्या तोंडावर जे निघत नव्हतं ते त्याच्या पाठीशी निघालं. कस्तूरी. फूलवती. बेनीबाई. नाव सांगून झालं की बाई पदराचं टोक त्यांच्या खांद्यावरून पुढे टाकी. काका मागे न वळता पट्टी शिवत, दोरा दातानं तोडत आणि पदर तसाच खांद्यावरून परत करत. दुसरी तशीच पट्टी तारेत. नवऱ्याचं नाव ते विचारत नसत. एका मास्तरांनी तिथेच उभं राहून हरकत घेतली, “पति का नाम तो होना चाहिए, मुळे जी.” काका भिंतीकडे बघत म्हणाले, “खोएगी तो ये, मास्टरजी. वो तो घर पर हैं.”

मी एकदा विचारलं, “तुमची पट्टी कॉलरीत, आणि बायकांची पदराला का? पोलक्याला शिवा ना आतून.”

“पोलकं कसं मागू गं? पदर आपणहून पुढे येतो.”

मला ते उत्तर फार आवडलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं. चूक त्यातच होती, आणि ती ना त्यांना दिसली ना मला. आम्ही दोघंही कधी मेळ्याला गेलो नव्हतो. मराठी मंडळाच्या गणपतीत लोक काकांना टोमणे मारत, “मुळे, एवढ्या बायका धाडल्यात, एक बुडी स्वतः मारा की!” काका म्हणत, “माझी आंघोळ घरी होते. बंबातलं पाणी गरम असतं.”

रामकली सीपरीतच भाजी विके. मेथी, पालक, हिरवे चणे. बबीना रस्त्यावरच्या एका खेड्यातली, साठीच्या आसपासची. नवरा लकव्यानं दोन वर्षं खाटेवर. मुलगा सूरतला. तिनं नवस बोलला होता : कुंभात बुडी मारीन, नेसतं लुगडं गंगेला सोडीन, त्यांना उठून बसू दे. गावातल्या पाच बायकांबरोबर ती गेली. जाण्यापूर्वी काकांच्या खांद्यावरून तिचा पिवळा पदर पुढे आला तेव्हा मी शेजारी उभी होते. “अच्छो लिखियो बब्बा,” ती म्हणाली, “हम पैली बेर जा रए.”

पाचजणी परत आल्या. रामकली आली नाही. मुलगा सूरतहून थेट प्रयागला गेला, ‘पीली धोती’, म्हणजे पिवळं लुगडं, असं सांगत तीन दिवस हिंडला, आणि बापाकडे बघायला कुणी नाही म्हणून परतला. तो सीपरीत काकांच्या स्टुलासमोर उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाला, “आपने तो लिखा था न, बाबूजी?”

काका घरी गेले, बॅग भरली, दुसऱ्या पट्ट्यांची तार घेतली. मी बरोबर निघाले. त्यांना मधुमेह होता, खोकला होता, आणि एकटं सोडण्यासारखी ती गर्दी नव्हती.

त्या प्रवासाचं वर्णन करत नाही. झाशीहून त्या दिवसांत जे गेले त्यांना माहीत आहे, डब्यात पाय टेकायला जागा मिळणं हेच नशीब. काका दाराजवळ आपल्या बॅगेवर बसून होते. तारेतल्या पट्ट्या एकेक चाचपताना रामकलीची सापडली, ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वाटभर खिशावर हात.

मेळ्यात उतरलो तर कर्ण्यांवरून हरवलेल्यांच्या पुकाऱ्याचा गजर. क्षणभरही खंड नाही. पुलावर चालताना काका थांबले. “ऐक.” मी ऐकलं. मोहनलाल, गाव अमुक. पप्पू की अम्मा. श्यामसुंदर, ज़िला तमुक. गुड्डू की दादी. बबलू के घर से. “पुरुष नावानं हरवतात,” काका म्हणाले, “बायका नात्यानं.” मी हे पत्रकात घालायचं म्हणून मोबाइलवर टिपून घेतलं, आणि ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती पाहून मोबाइल खिशात घातला.

संगमाच्या काठावर आलो. बायका बुडी मारून बाहेर येत, एकमेकींना चादरीचा आडोसा धरत, कोरडं नेसत. ओलं लुगडं तिथेच सोडून चालू लागत. कुणी पाण्यात सोडे, कुणी वाळूवर. सफाईची माणसं ती ओली लुगडी काठ्यांनी ओढून ढीग घालत होती. माणसाच्या उंचीचे ढीग. पिवळे, लाल, हिरवे.

काका त्या ढिगासमोर उभे राहिले. एका म्हातारीला विचारलं, “अम्मा, साड़ी छोड़ दी?”

“पुराना छूट गया, बाबा,” ती हसून म्हणाली. “नहाओ और छोड़ो. सब छोड़ते हैं.”

काका वाळूत बसले.

“इतकी वर्षं,” ते म्हणाले, “मी पदराला शिवत आलो, रेवती.”

मी काहीतरी बोलले. सगळ्याजणी थोड्याच नवस करतात, किती बायका तुमच्या पट्टीनं घरी आल्या, असं. खरंच होतं ते. त्यांनी ऐकलं नाही. उठून ढिगातली लुगडी ओढायला लागले. एकेकाचा पदर शोधायचा, टोक उलटून बघायचं. सफाईवाले हसले, मग एकजण हसायचा थांबला आणि मदतीला आला. दीड तासानं एका हिरव्या पदराला पांढरी पट्टी निघाली. रामकलीची नव्हती. फूलवती, चिरगाँव. पट्टीवरच्या नंबरवर मी फोन लावला. फूलवती घरी होती. कधीच पोचली होती. पाठीमागे तवा वाजत होता. “का भओ, बिटिया?” मी म्हटलं, कुछ नहीं अम्मा, हाल पूछने थे.

बिब्ब्याचं एक अक्षर पुसलं नव्हतं.

मग तंबू. कुठल्या खात्याचा, साहेब कोण, ते लिहीत नाही. अर्ज दिला आहे, त्यात लिहिलं आहे. साहेबांपुढे संगणक होता. रामकली नावाची नोंदच नव्हती. काकांनी कागदाचं रजिस्टर मागितलं. नाही म्हणाले. काका समोरच्या बाकावर बसले आणि खोकत राहिले. तासाभरानं कंटाळून रजिस्टर दिलं.

माघी पौर्णिमा, सुबह ९.१५. महिला, उम्र लगभग ६०, हरी साड़ी. नाम : रामकली. गाव होतं. समासात लिहिलं होतं, ‘झाँसी?’ प्रश्नचिन्हासकट. पति का नाम : नहीं बताती. पुढे : मानसिक स्थिति ठीक नहीं.

“नाम बताया है, गाँव बताया है,” मी किंचाळलेच. “पुकारा क्यों नहीं?”

“मैडम, पति का नाम खाली हो तो फॉर्म आगे नहीं जाता. कंप्यूटर लेता ही नहीं.”

“तो काग़ज़ से पुकार देते!”

“रामकली तो सौ घूम रही हैं मेले में.”

काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला. मग साहेबांना नुसतं विचारलं, “कहाँ भेजा?”

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवारा होता. लांब खोली, वीसेक खाटा, खिडकीला जाळी. तिथल्या बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. “वो कोने वाली? वो तो बोलती ही नहीं, सर. जब देखो दरवाज़े को देखती है.”

हिरव्या लुगड्यातली रामकली कोपऱ्यातल्या खाटेवर बसली होती. काकांना पाहताच तिनं पदर ओढला. मी पुढे होणार होते. काकांनी हातानं थांबवलं, एक स्टूल उचललं, खोलीच्या भिंतीशी ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले. सीपरीत बसत तसेच.

“नाम बताओ, बाई.”

मागून आवाज आला. “रामकली.”

“गाँव?”

तिनं गाव सांगितलं. आणि मग, अगदी हळू, “वे कैसे हैं, बब्बा?”

“ठीक हैं. लड़का आ गया है. खाना खा रहे हैं.”

तेव्हा ती रडली. नवऱ्याचं नाव का नाही सांगितलंस, असं मीच विचारलं. मला राग येत होता, तिचाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “नाँव लएँ उमर घटत है, बिटिया. हम उनई की उमर माँगबे आए ते.”

मी पत्रकं काढणारी बाई. असल्या समजुतींविरुद्ध चार पत्रकं काढली आहेत. त्या खोलीत मी फक्त दिवस मोजले. तिनं नऊ दिवस सोसलं होतं, आणि नवऱ्याच्या आयुष्यातला एक दिवस दिला नव्हता.

काकांनी खिशातून पट्टी काढून खांद्यावरून मागे धरली. “गलती मेरी थी, बाई. पल्लू में नहीं सीना था.”

“तुमाई चिठिया तो गंगा जू ले गईं,” ती म्हणाली. डोळे पुसत होती, पण आवाजात थोडी गंमत आली होती. “अब उनखों हमाओ नाँव पतो पर गओ.”

निवाऱ्याच्या बाईंनी कागद आणले, मुलाशी फोनवर बोलल्या, पट्टी ताडून पाहिली. सह्या झाल्या. आम्ही निघणार तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून एक आवाज आला. कुठल्या मुलखाची बाई कोण जाणे, बुंदेली नव्हती.

“हमरो नाम लिख दीं, बाबूजी.”

काका उठत होते, ते पुन्हा बसले. मागे वळले नाहीत. तिसऱ्या खाटेवरची बाई उठली. चौथी. त्या थकलेल्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या रजिस्टरात या सगळ्या ‘नहीं बताती’ होत्या.

“तू हिला घेऊन जा,” काका म्हणाले. “मला दोन-तीन दिवस लागतील.”

“काका, तुमच्या गोळ्या? हा खोकला?”

“बॅगेत आहेत. बिब्बा संपेल, वाटेत कुठे मिळाला तर पाठव. आणि ऐक. पोलक्याला शिवायला बायका लागतील. माझ्यानं ते व्हायचं नाही. पत्रक काढ त्याचं.”

मी भांडले. उपयोग नव्हता. रामकलीचा हात धरून दाराशी आले आणि मागे पाहिलं. काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. तपकिरी स्वेटर, खांदे पुढे झुकलेले, काळी पडलेली बोटं मांडीवरच्या मांजरपाटावर. कॉलरीतली पट्टी उलटून बाहेर आली होती, दारातून वाचता येत होती. मागे बायकांची रांग. सगळ्यात पुढची बाई त्यांच्या पाठीशी वाकून काहीतरी सांगत होती, आणि ते मान हलवत होते.

ते पाच दिवसांनी परतले तेव्हा मी त्या तंबूच्या अर्जासाठी लखनौला होते. परत येईपर्यंत ते इस्पितळात होते, काचेपलीकडे, कुणाला आत सोडत नव्हते. म्हणून माझ्याजवळ त्यांचा चेहरा शेवटचा नाही. पाठ आहे.

पत्रक काढ म्हणाले होते. हे ते पत्रक.

वाचून झालं असेल तर उठा. तुमच्या घरात, शेजारी, तुमच्याकडे कामाला, तुमच्या भाजीच्या गाडीवर एक बाई आहे, जिला तुम्ही कुणाची तरी आई म्हणून ओळखता. ती यात्रेला जायच्या आधी तिला तिचं नाव विचारा. लाजली तर पाठ फिरवून बसा. मांजरपाटावर लिहा, पोलक्याच्या आत शिवा, पदराला नको. तशीच दुसरी पट्टी स्वतःजवळ ठेवा. नवऱ्याचं नाव विचारू नका. आज करा.